जन्मजात भाकरी

नातीची भाकरी तव्यावरून उचलताना मोडली. हात झटकून ती म्हणाली, “आजी, तुझ्या हाताला जन्मजात गुण आहे गं. मला नाही जमायचं.”

माझं डोकंच तडकलं. जन्मजात म्हणे! लग्नानंतर वर्षभर माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे. मी शहाणी, पिठाला दोष द्यायची आणि सासूबाई यायच्या आत तुकडे शेजारच्या म्हशीला चारायची. म्हैस गलेलठ्ठ झाली, तेव्हा कुठे माझी एक भाकरी फुगली. ते सगळं मळणं, ती भाजलेली बोटं या पोरीनं एका शब्दात देवाच्या नावावर करून टाकली. पण तिला तरी कसं कळणार? तुकडे मीच लपवले होते.

“मळ पुन्हा,” मी म्हटलं. “आणि मोडलेली इकडे दे. आता म्हैस नाही, खायला मी आहे.”