कलमाची रजा

शेजारच्या बागवाल्या काकांचं प्रत्येक वाक्य "छ्या!"ने सुरू होतं. हापूस गोड निघाला तरी छ्या, जावई चांगला मिळाला तरी छ्याच. मे महिन्यात तर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा जपानहून त्यांच्या लेकीचा फोन आला. तिकडे झाडंझुडपं, निसर्ग यांच्या नावानं देशभर सुट्टी होती.

"छ्या! झाडांना सुट्टी दिली तर आंबे काय आपणहून पेटीत जाऊन बसतील गो?" दोन्ही आवारांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे मला सगळं ऐकू आलं.

दुपारी गडी आंबे काढायचा झेला घेऊन विहिरीजवळच्या जुन्या कलमाकडे वळले, तर काका आडवे आले. "ह्याला नको. आज रजेवर आहे ते."

मग त्याच्याच सावलीत टेकले आणि मला दटावलं, "लेकीला सांगाल तर याद राखा!"