मागच्या अंगणातलं थडगं

तिला सगळे कवळीताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ती घराच्या मागच्या खोलीत बसून कवळी बनवायची. मापात प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, मग सुरी दिव्यावर तापवून एकेक दात मेणात बसवायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांचे दात बघते. घरी आल्यावर आणखी कुणाचे बघू?" घर आणि काम एकाच छपराखाली होतं, तरी असंच म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. तो घरी सुट्टीवर असतानाच त्याची बायको तापाने आजारी पडली, आणि हॉस्पिटलमधून परत आलीच नाही. मुलगी तिसरीत होती. तिला तेवढे दिवस एका ओळखीच्या घरी ठेवलं होतं. आई बरी होऊन येईल, असंच तिला सांगितलं जात होतं. सगळं उरकल्यावर बापाने तिला खरं काय ते सांगितलं. मुलगी रडली नाही, काही विचारलंही नाही. त्यानंतर तिने बोलणंच सोडलं. शाळेत ती बाकाखाली जाऊन बसायची. हे वर्ष तिला घरीच ठेवा, पुढच्या वर्षी परीक्षा घेऊ, असं मुख्याध्यापिकेने अगदी गोड शब्दांत सांगितलं.

भावाला जहाजावर परत जायचं होतं. त्याने मुलीला, तिच्या बॅगेला आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याला बहिणीच्या दारात आणून सोडलं.

"ताई, वर्षभर बघ हिला. परीक्षेपुरतं शिकव."

"मी? मला दातांपलीकडे काय येतं?"

"पुस्तकात सगळं असतं," तो म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला.

आत्याने सगळ्यात वरचं पुस्तक उघडलं. ते इतिहासाचं होतं आणि पहिला धडा प्राचीन काळाचा. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भाची भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन पानं झाल्यावर आत्यालाच जांभई आली. धड्यात मातीच्या पाट्यांवर लिहिणाऱ्या लोकांचं चित्र होतं. तिने पुस्तक मिटलं, मागच्या अंगणातून ओंजळभर ओली माती आणली, फळीवर थापली आणि मेणाची सुरी मुलीपुढे धरली.

"त्यांच्याकडे कागद नव्हता. असं टोचून लिहायचे. बघ जमतंय का."

बऱ्याच वेळाने मुलीने सुरी घेतली. मातीत एक खूण टोचली, तिच्याशेजारी दुसरी.

"म्हणजे काय गं?" आत्याने सहज विचारलं.

"नको," मुलगी म्हणाली.

इतक्या आठवड्यांनंतरचा पहिला शब्द, आणि तोही नको. आत्याने मान फिरवली आणि साच्यावरची धूळ उगाचच पुसली.

तिथून पुढे मागच्या खोलीचं रूप पालटलं. साच्यातून उरलेल्या प्लास्टरची लहान लाटणी करून त्यांवर बैल आणि मासे कोरायचे, ती ओल्या मातीवर फिरवली की शिक्का उमटायचा. जुन्या काळचे व्यापारी आपल्या मालावर असेच शिक्के मारत. अंगणात मातीच्या विटा पाडून त्यांनी नदीकाठचं शहर उभारलं, त्याला झाकलेली गटारं केली आणि बादलीभर पाणी ओतून ती वाहतात का ते पाहिलं. पाणी थेट शेजारणीच्या पायरीपर्यंत वाहिलं. साखरेच्या चौकोनी वड्यांचा पिरॅमिड केला तर सकाळपर्यंत मुंग्यांनी त्याचा एक कोपरा लंपास केला होता. "खरे पिरॅमिडपण असेच लुटले," आत्या म्हणाली, आणि मुलगी हसली. एका डॉक्टरांनी कवळी परत पाठवली, दाढेच्या फटीत माती सापडली म्हणून. आत्याने ती धुतली, पुन्हा घासून चमकवली आणि माफी मागितली. काम थोडं मागे पडत होतं, पण मुलगी जेवायला लागली होती, आणि आत्याला तेवढं पुरेसं होतं.

मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पुढचा धडा काढला की मुलीच्या तोंडाला पुन्हा कुलूप. ती बोट ठेवून मागचीच पानं उघडायची.

"अगं, पुढेही चांगलं आहे. राजे आहेत, लढाया आहेत."

"लढाईत माणसं मरतात," मुलगी म्हणाली. "ही आधीच मेलीत."

आत्याने पुढचा धडा पुन्हा काढला नाही.

मग त्याच धड्यात थडग्यांचं पान आलं. मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या वस्तू ठेवत, असं त्यात होतं. धान्य, आरसा, वहाणा, लहान होड्या. मुलीने ते पान स्वतःच वाचलं. दोघी अंगणाच्या कोपऱ्यात विटांची एक लहान खोली बांधत होत्या. मुलीचे हात थांबले.

"आईबरोबर काय ठेवलं?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. "काही नाही गं. फार घाई होती."

"तिचा चष्मा?"

"तो माझ्या कपाटात आहे. हॉस्पिटलवाल्यांनी बाबांना परत दिला, त्याने माझ्याकडे ठेवायला दिला."

मुलीने ओल्या विटेकडे बघत विचारलं, "मग तिला दिसत कसं असेल?"

आत्या आत गेली आणि चष्मा घेऊन आली. मुलीने तो फ्रॉकने पुसला, त्याच्या काड्या मिटल्या आणि त्या खोलीत ठेवला. सोबत एक वाटी, एक कंगवा आणि मातीची एक होडी. वर छप्पर घालून मातीने लिंपलं. त्यावर तिने सुरीने बरंच काही लिहिलं, पण काय ते आत्याने विचारलं नाही. त्या दिवशी मुलगी प्रथमच रडली, आणि नंतर बराच वेळ आत्याच्या मांडीवर झोपली.

बाप न कळवता आला. त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि तो मुलीला न्यायला आला होता. मुलगी बोलते आहे हे पाहून त्याला आनंद झाला. तिने त्याला अंगणात नेलं. शहर दाखवलं, गटार दाखवलं, मग कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाली, "आणि हे आईचं. आत तिचा चष्मा आहे."

तो बहिणीकडे वळला. त्याचा चेहरा पडला होता. "हे शिकवलंस तिला? मी विसरायला लावतोय आणि तू थडगी बांधतेस?"

"मी पुस्तकातलं शिकवलं. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं."

"तो चष्मा मी तुझ्याकडे ठेवायला दिला होता, पुरायला नाही." तो खाली वाकला आणि त्याने छपराच्या विटेला हात घातला.

मुलगी मध्ये येऊन उभी राहिली. "उघडायचं नाही, बाबा. उघडणारे चोर असतात."

त्याने हात मागे घेतला. तिथेच मातीत बसला. आत्याला वाटलं, आता हा विरघळेल. पण तो उठला, हात धुतले आणि मुलीचे कपडे बॅगेत भरायला लागला. "हिला इतर मुलांसारखं राहू दे, ताई," एवढंच म्हणाला. आत्याने अडवलं नाही. मुलगी त्याची होती.

नवं घर लांब होतं. मुलगी तिथल्या शाळेत गेली, रमली, वर्गात मधल्या ओळीत बसू लागली. नवी आई स्वभावाने बरी निघाली. सुरुवातीला रोज येणारे फोन मग रविवारी येऊ लागले, मग वाढदिवसाला. इकडे पावसापाण्याने मातीचं शहर विरघळलं, आणि घरमालकाने अंगणात फरशी बसवली तेव्हा कोपऱ्यातली खोलीही त्याखाली गेली. माणसांनी विचारलं, इथे काही आहे का. आत्या म्हणाली, "नाही, घाला फरशी."

कवळ्या आता यंत्रावर होऊ लागल्या. डॉक्टर दुरुस्तीपुरते साचे पाठवायचे. त्यातच एकदा भाची आली, औषधनिर्माणाच्या शेवटच्या वर्षात असताना, आत्याच्या गावात कुठल्याशा कामासाठी. उंच झाली होती. आत्याला "तुम्ही" म्हणाली, मग चुकल्यासारखी हसली. जेवताना आत्याने धीर करून विचारलं, "तेव्हाचं काही आठवतं का गं तुला? मातीच्या पाट्या, शिक्के?"

तिने आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न केला. "इथे खूप चिखल असायचा, एवढं आठवतं. आणि तो मेणाचा वास. बाकी त्या वर्षाचं काहीच नाही. बाबा म्हणतात, मी आजारी होते."

"हो," आत्या म्हणाली. "आजारी होतीस."

"तुम्हाला फार त्रास दिला का मी?"

"छे गं. घे, आणखी थोडं वाढते."

संध्याकाळी आत्या तिला बसपर्यंत सोडायला गेली. बस भरलेली होती. भाची आत चढली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आत्या फलाटाच्या बाजूला उभी राहून एकेका खिडकीकडे बघत हात हलवत राहिली. बस वळली तेव्हा तिला दिसलं की भाचीला पलीकडच्या बाजूला जागा मिळाली होती, आणि ती मान खाली घालून फोनवर कुणाशी तरी बोलत होती.