‘येतो’ म्हणजे कोणत्या वारी?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे मी. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला अजून आवडतं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, कवठे महांकाळच्या बाजूला बैलगाड्या करायचे. मी सांगलीला राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि साताऱ्यात मावशीकडे राहून एका कारखान्यात नोकरीला लागले. सत्तरनंतरची ती वर्षं. कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची एक लांब शेड. तिच्या तोंडाशी फळ्या मारून केलेली खोली म्हणजे ऑफिस. आत एक टेबल, एक टाइपरायटर आणि कुलूप घातलेला टेलिफोन. कुलपाची किल्ली माझ्याकडे. बी.ए.चा एवढा मान मला पुरत होता.

मालक उंब्रजचे. आधी ते उसाचे चरक दुरुस्त करायचे, मग चरकाचे सुटे भाग करू लागले. कोणाच्या तरी ओळखीनं पुण्यापलीकडच्या एका मोटार कंपनीचं काम हाती आलं. काम असं, की मोटारीच्या दाराचे पत्रे वेल्डिंगनं जोडताना ते तसूभरही हलू नयेत, म्हणून त्यांना चारी बाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा करून द्यायचा. कंपनीत त्याला जिग म्हणायचे. आमच्या शेडमध्ये पाळणा म्हणत. दार जन्माला येतं ते त्यातच, म्हणून पाळणा.

कंपनीनं एकच पाळणा करून मागितला होता. तो पसंत पडला तर बाकीच्या दारांचे, बॉनेटचे, पुढं येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचे पाळणे आमच्याकडेच. नाही पडला तर परत उसाचा चरक. मालक हे शेडमधल्या प्रत्येकाला रोज ऐकवायचे, मग आम्हालाही झोपेत पाळणेच दिसायचे.

सुट्टीला घरी गेले तेव्हा आण्णांना मी हा सगळा कारभार समजावून सांगितला. ते तासणी बाजूला ठेवून ऐकत बसले.

“म्हंजे त्यांनी गाड्या करायच्या, आन् त्यांना लागंल ते तुमी करून द्यायचं. दर साली.”

“व्हय.”

“मग बलुतंच की गं ते!”

मला राग आला. एवढं शिकून सवरून मी बलुत्याच्या कामाला लागले होय? पण आण्णा हसत राहिले. “अगं, बलुतं वंगाळ नसतंय. माज्या आज्यानं ज्या घरची गाडी केली, त्या घरची मी बी करतोय. कुणी कुणाला सोडलं न्हाई. फकस्त येळंला जायला लागतंय.”

तो पाळणा कंपनीत गेला आणि काही दिवसांनी तिकडच्या इंजिनियर साहेबांचा ट्रंक कॉल आला. हे साहेब मद्रासकडचे. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मालकांशी त्यांच्या तोडक्या हिंदीत. मालकांची हिंदी त्याहून तोडकी, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं. पुणं लांब आहे म्हणून मालक टेलिफोनवर ओरडूनच बोलायचे. शेडमधली मशीनं चालू असली तरी शेवटच्या टोकाला ऐकू जाई.

तक्रार अशी, की पाळण्यातून निघालेल्या दाराचा कडीजवळचा कोपरा जरासा उचललेला असतो. मालक म्हणाले, पत्रा दाबून धरणारी पकड सैल पडली असेल, नव्या पकडी करून ट्रान्सपोर्टनं पाठवतो. साहेबांनी काहीतरी विचारलं. तेवढ्यात मध्येच ऑपरेटर बाई वेळ संपल्याचं सांगू लागली, आणि मालक घाईघाईनं ओरडले, “बरं साब, आता हूं मग! आता हूं!”

आणि फोन ठेवून पकडी करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पुन्हा घंटा वाजली. या वेळी साहेबांचा आवाज वेगळा होता.

“तुमचा माणूस कुठे आहे?” इंग्रजीत.

“कोणता माणूस?”

“मालक. सकाळपासून वाट बघतोय. काल स्वतः म्हणाले, येतो. एकदा नाही, दोनदा म्हणाले. मी दाराचं काम बंद करून तुमचा जिग मोकळा करून ठेवलाय. गेटवर पास करून ठेवलाय. आमचे मोठे साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये दोनदा येऊन गेले. ते म्हणतात, जो माणूस येतो म्हणून येत नाही, त्याच्या भरवशावर मी गाड्या कशा करू?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मालक भट्टीजवळ उभे राहून पकडीला कानस मारत होते. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

मी साहेबांना सांगितलं, “साहेब, ते येणार नव्हते. ते तुमचा निरोप घेत होते.”

“येतो म्हणून?”

“आमच्याकडे घरातून निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही. जातं ते मेलेलं माणूस. जिवंत माणूस ‘येतो’ म्हणतं.”

  साहेब अगदी निराळ्या आवाजात म्हणाले, “माझी आईसुद्धा मला जातो म्हणू देत नाही. आमच्यात ‘जाऊन येतो’ म्हणतात.” मग म्हणाले, “मला कळलं. पण मोठे साहेब आमच्याकडचे नाहीत, उत्तरेकडचे आहेत. त्यांना मी व्याकरण काय सांगू? ते दुसरा कारखाना बघा म्हणालेत.”

मी बाहेर जाऊन मालकांना सगळं सांगितलं. भोवती माणसं जमली. आमचा मुख्य वेल्डर फौजेतून हवालदार होऊन परत आलेला, वयानं आण्णांएवढा. सगळे त्याला हवालदारच म्हणत. त्यानं डोळ्यावरची काच वर केली.

“मालक, फौजेत चार वर्सं काडली असती तर हिंदी आली असती. तिथं ‘चलता हूं’ म्हणत्यात.”

“गप रं! आता कवा फौजेत जाऊ?”

“मी फकस्त सांगितलं.”

मालकांचा चेहरा पडला होता. ते पकडीकडे बघत राहिले. मग कानस खाली ठेवली.

“बाई, सायबास्नी सांगा, उद्या येतोय. खरोखरचा येतोय. आवं, तोंडातनं सबूद गेलाय न्हवं? मग तो खरा करायला पायजे. त्यो कुठल्या अर्थानं गेला ते मागनं बगू. हवालदार, पकडी घे. आन् बाई, तुमी बी चला. तिथं त्यो अर्थ सांगायला कोण हाय?”

मावशीनं कपाळाला हात लावला. “बी.ए. केलीस ती बाप्यांच्या संगट कारखाने हिंडाया व्हय गं?” पण हवालदार बरोबर आहे म्हटल्यावर तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तीन माणसांची दिली.

पहिल्या एसटीनं निघालो. खंबाटकीचा घाट संपला. तसे मालक मला म्हणाले, “बाई, ‘आता हूं’ला विंग्रजीत काय म्हणत्यात?” मी सांगितलं. ते पुटपुटत राहिले. हवालदार पकडींची पिशवी मांडीवर घेऊन घोरत होता.

मोटार कंपनीचं गेट मी पहिल्यांदाच बघितलं. आत आख्खं गाव मावेल एवढी शेड, आणि एका ओळीत रंग न दिलेल्या गाड्या, दारं नसलेल्या. दारांच्या जागी नुसती भोकं. आमच्या पाळण्यावाचून या गाड्या अडल्यात, असं मला वाटलं आणि उगाच ऊर भरून आला. खरं तर त्यांच्याकडे जुना पाळणा होता, आदल्या संध्याकाळीच त्यावर काम चालूही झालं होतं, पण ते मला नंतर कळलं.

मोठे साहेब पिकल्या केसांचे, उंच. त्यांनी आमच्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. “एक दिन लेट.”

“हां साब,” मालक म्हणाले. “कल बोला, आज आया.” आणि माझ्याकडे बघितलं.

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. मद्रासचे साहेब शेजारी उभे राहून मान डोलावत होते. त्यांच्या आईचीही साक्ष त्यांनी काढली. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी मला विचारलं, “म्हणजे तुमच्या मालकांनी येतो म्हटलं की ते येणार की जाणार, हे मी कसं ओळखायचं?”

मी ते मालकांना मराठीत सांगितलं. मालकांनी जरा विचार केला.

“त्यास्नी सांगा, मी येतो म्हणतोय तवर आपलं नातं हाय. ज्या दिवशी जातो म्हणंन, त्या दिवशी समजा संपलं.”

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. माझ्या बी.ए.तलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच असावं.  मोठ्या साहेबांनी पाळण्याकडे हात केला.

हवालदार आणि मद्रासचे साहेब पाळण्याखाली शिरले. एकाची फौजेतली हिंदी आणि दुसऱ्याची मद्रासी हिंदी, पण लोखंडाला दोन्ही कळत होत्या. कोपरा का उचलतो ते सापडलं. निम्मी चूक आमची, पकड सैल. निम्मी त्यांची, नवीन आलेला पत्रा जरा जाड. दोघांनी नवी पकड बसवली, तिच्याखाली एक चकती घातली, आणि दुपारनंतर पाळण्यातून पहिलं दार निघालं. मद्रासच्या साहेबांनी ते उचलून समोरच्या गाडीला लावून बघितलं. चारी बाजूंची फट सारखी. आम्ही भाकरी सोडली तेव्हा तेही हात धुऊन आमच्यातच बसले आणि चटणी तिखट लागून डोळे पुसत राहिले.

निघायची वेळ झाली. मोठे साहेब गेटपर्यंत आले. ऑर्डरचं अजून कोणीच काही बोललं नव्हतं. मालकांनी हात जोडले, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. ‘आता हूं’ म्हणायची सोय राहिली नव्हती. ‘जाता हूं’ म्हणणं तर जमणारच नव्हतं, आताच एवढं बोलून बसले होते.

“चलता हूं म्हणा, चलता हूं,” हवालदार मागून कुजबुजला.

“आरं, ते बी जाण्यातलंच हाय की!”

मालक हात जोडून नुसते उभे. मी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. तेव्हा मोठ्या साहेबांच्या मिशा पहिल्यांदा हलल्या.

“बोलिए, बोलिए,” ते म्हणाले. “आता हूं बोलिए. लेकिन दिन भी बोलिए.”

मालकांनी बोटं मोजली. “अगले महिने का पहिला सोमवार, साब. आता हूं.”

“बराबर. बाकी दरवाजों का ड्रॉइंग तैयार रखूंगा.”

परतीच्या एसटीत मालकांनी कंडक्टरलासुद्धा सांगितलं की आपल्याला दारांचं काम मिळालं. कंडक्टरनं विचारलं, “कुठल्या घराच्या?”

तेव्हापासून महिन्याचा पहिला सोमवार ठरून गेला. तक्रार असो नसो, बोलावणं असो नसो, मालक पहिल्या एसटीनं कंपनीत जायचे, आपले पाळणे बघून, हात लावून यायचे. कंपनीनं गाडी बदलली की पाळणा बदलायचा, पण कारखाना बदलला नाही. मद्रासचे साहेब दसऱ्याला मशीनच्या पूजेला साताऱ्याला यायला लागले, आणि आमच्या सगळ्यांसारखं ‘येतो’ म्हणायला शिकले. आण्णांना मी सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग? मी काय सांगितलं हुतं?” बलुतं म्हटल्याचा मला नंतर कधी राग आला नाही.

शेडमध्ये मात्र एक खोड लागली ती लागलीच. संध्याकाळी कोणी चप्पल घालून “येतो” म्हटलं, की चारी कोपऱ्यांतून ओरडा व्हायचा, “कोणत्या वारी?” पाहुण्यांनासुद्धा सोडत नसत.

माझं लग्न सांगलीला ठरलं, तेव्हा मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी टेलिफोनच्या कुलपाची किल्ली मालकांच्या हातात दिली. मशीनं बंद होती, सगळे हात पुसत दाराशी उभे. मी नेटानं म्हटलं, “येते, मालक.”

मालकांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

“कोणत्या वारी, बाई?”

“दसऱ्याला,” मी म्हटलं.

आणि दसऱ्याला गेले. नवऱ्याला घेऊन.