परळ ते गिरगाव, काठोकाठ चहा

गिरगावातून परळला जायला असं काय लागतं, असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या जुन्या गाडीतून जाऊन दाखवावं. पुढचे शॉकअप (चाकाचा धक्का पचवणारे स्प्रिंगचे दांडे) पार खलास झाले होते. आणि मला परळच्या हॉस्पिटलातून बाबांना घरी आणायचं होतं, पाठीच्या ऑपरेशननंतर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. बाबांनी तर फोनवर सांगूनच टाकलं, "टॅक्सीन येतंय. तुझ्या खटाऱ्यात नाय." मिलमध्ये फिटर म्हणून जन्म गेलेल्या बापाने माझ्या गाडीला खटारा म्हणावं, हे मला चांगलंच झोंबलं.

आदल्या दिवशी सकाळीच मी भायखळ्याला फ्रान्सिस अंकलच्या गॅरेजात थडकले.

"डावा पार गेलाय, उजवा जायच्या वाटेवर. बदलायचे जोडीनेच, नायतर गाडी लंगडेल," अंकल म्हणाले.

"मी बदलते. तुम्ही फक्त बघा."

"तू? कर. बोटं सांभाळ, बस."

खालचे दोन बोल्ट गंजून बसले होते. पान्याला लांब पाइप लावून अक्षरशः लोंबकळले, तेव्हा सुटले. त्याच उत्साहात बॉनेटखालच्या मधल्या मोठ्या नटाला पाना लावला, तोच अंकल ओरडले, "हात काढ! स्प्रिंग तोंडावर येईल. बाजूचे तीन खोल!" मी मुकाट्याने बाजूचे तीन खोलले.

दुपारी अंकलच्या घरून फुगिया (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि मटण आलं. त्या जोरावर दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली. मग चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं.

रात्री बाबांना फोनवर नवे शॉकअप बसवल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या दारात उभे, हातात चहाचा कागदी पेला, काठोकाठ. मिलमधली त्यांची जुनी रीत: मशीन बसवलं की ते चालू करून वर भरलेला चहा ठेवायचा. सांडला तर काम पुन्हा. नाही सांडला तर तो बसवणाऱ्याने प्यायचा.

"चल," सीटवर हळूच टेकत ते म्हणाले. "सांडलो तर उतरान टॅक्सी धरतलंय."

लालबागला पुलाखाली उखडलेले पेव्हर ब्लॉक आडवे आले. गाडी दबली, उठली आणि गप्प झाली. चहा कडेवर फुगला आणि परत आत गेला.

"पाठ दुखली?"

"रस्तो बघ."

गिरगावात चाळीसमोर गाडी थांबवली. बाबांनी विचारलं, "नट कोणी आवळले?"

"मी. दोन्हीकडचे."

त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "घे. तुझो च्या."

गार झालेला, वर साय धरलेला चहा. जग फिरून आलेल्यांनीही इतक्या तोऱ्यात कधी चहा प्यायला नसेल.