संकष्टीची पेटी

आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे, नाशिकरोडला. कॅमेरा ह्यांचा, बाकी सगळं माझं: बुकिंग, बिलं आणि आतल्या खोलीतल्या दोन स्टोरेजच्या पेट्या. एका पेटीत आठ हार्ड डिस्क बसतात. जुनी पेटी भरली म्हणून आम्ही दुसरी घेतली आणि ड्रॉवरमधल्या सुट्या डिस्कवरचं फुटेज तिच्यात ओतायला सुरुवात केली.

या पेट्यांवर लक्ष ठेवायला एक सॉफ्टवेअर आहे. डिस्क तापली, कुरकुरायला लागली की ते मला मेसेज पाठवतं. एकदा त्याच्यामुळेच आम्ही थोडक्यात वाचलो होतो. त्याचं लायसन्स दर वर्षाला, आणि टेराबाइटवर. आमचं पन्नास टीबीपर्यंतचं.

नवी पेटी जोडल्यावर एक दिवस स्क्रीनवर लाल पट्टी आली. मर्यादा ओलांडली आहे, महिनाभरात दुरुस्त करा, नाहीतर नव्या पेटीवर लक्ष ठेवणं बंद होईल. किती ओलांडली ते काही लिहिलेलं नव्हतं. मी दोन्ही पेट्यांत साठवलेल्याची बेरीज केली. बासष्ट आली.

"बारा टीबी काढायला लागेल," मी ह्यांना सांगितलं.

"माणसाच्या भाषेत सांग."

"ऐंशीएक लग्नांचं कच्चं फुटेज. फिल्म ठेवायच्या, फक्त कच्चं काढायचं."

"म्हणजे ऐंशी घरांपुढे मी खोटा."

कच्चं फुटेज आम्ही जपून ठेवू, असा शब्द हे प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात. मी कधीपासून सांगत होते, असले शब्द देत जाऊ नका.

"अहो, फिल्म दिलीय ना त्यांना?"

"फिल्म मागायला कोण येतं गं? मागच्या महिन्यात निफाडची ती बाई आली होती. तिला पंगतीत आग्रह करणाऱ्या सासऱ्यांचा आवाज हवा होता. सासरे गेले. फिल्ममध्ये त्या जागी मी सनई टाकलीय."

"मग पुढचा टप्पा घ्यायचा का? तो थेट शंभर टीबीचा आहे."

"बासष्टसाठी शंभर? तूच आधी नको म्हणशील."

खरं होतं ते. दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की हे आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मी चहा नेऊन ठेवायचे आणि बाहेर यायचे. एरवी एडिटिंग करताना सारखे बोलणारे हे, त्या आठवड्यात फारसे बोलले नाहीत. शनिवारी म्हणाले, "झालं तुझं बारा."

मी स्क्रीन पाहिली. लाल पट्टी जिथल्या तिथे. मला वाटलं, साहजिक आहे. काढलेलं फुटेज आधी रिसायकल बिनमध्ये जातं, ते रिकामं करेपर्यंत जागा सुटत नाही. एक बटण दाबायचं राहिलं होतं. पण रद्दी देतानासुद्धा मी एकेक कागद उलटून बघते. सोमवारपर्यंत थांबले आणि आधी पुण्याला त्या कंपनीत फोन लावला.

फोनवर एक मुलगी होती, शांत आवाजाची. "मॅडम, बिन रिकामं करून काही होणार नाही. तुम्ही किती भरलंय ते आम्ही मोजतच नाही. पेटीत बसवलेल्या डिस्क मोजतो."

"रिकाम्यासुद्धा?"

"रिकाम्यासुद्धा. एक डिस्क गेली तरी डेटा जाऊ नये म्हणून जी जागा राखलेली असते, तीही धरून. तुमच्या जुन्या पेटीतल्या डिस्क मिळून बत्तीस, नवीतल्या अठ्ठेचाळीस. म्हणजे ऐंशी टीबी."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं माहेर लासलगावजवळ. भाऊ कांद्याची चाळ भाड्याने देतो, तेव्हा भाडं चाळीच्या लांबीवर ठरतं. आत कांदा किती भरला, किती सडला, ते भाडेकरूनं बघायचं. मी त्या मुलीला हे सांगितलं तर ती हसली. "अगदी तसंच, मॅडम. उद्यापासून मी पण असंच समजावते."

"आणि एक चाळ बंद ठेवली तर?"

"पेटी बंद करून यादीतून काढलीत तर ती मोजणार नाही. पण मग तिच्यावर लक्षही ठेवणार नाही."

फोन ठेवून मी बिन उघडलं, सगळं परत जागेवर ठेवायला. नावं वाचत गेले. दर थंडीत हे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पहाटेपासून जे पक्षी टिपायचे, ते सगळे पक्षी त्यात होते. आमच्या मुलीचं बारसं होतं. अगदी तळाशी, म्हणजे सगळ्यात आधी काढलेलं, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं आमचं लग्न होतं. गिऱ्हाइकाचं एकही नाव नव्हतं.

हे दारात उभे होते.

"आपलं लग्न सगळ्यात आधी?" मी विचारलं.

"ते मला पाठ आहे."

"हो का? मग सांगा, मंगलाष्टकं चालू असताना माझी मामी काय करत होती?"

ह्यांनी बराच विचार केला. "अक्षता वाटत होती."

"खुर्चीत झोपली होती. तोंड उघडं टाकून."

"छे."

मी लावून दाखवलं. मामी झोपलेली होती.

मग आम्ही असं ठरवलं. नवी पेटी अठ्ठेचाळीसची, ती लायसन्सात बसते, तिच्यावर सॉफ्टवेअर लक्ष ठेवेल. जुनी बंद ठेवायची, आणि महिन्यातून एकदा चालू करून आपणच तपासायची. तारीख लक्षात राहील का, अशी ह्यांना शंका होती. मी म्हटलं, माझी संकष्टी कधी चुकलीय का?

तेव्हापासून संकष्टीला सकाळी जुनी पेटी चालू होते. साबुदाणा भिजलेला असतो. मी पेटीवरचे आठही दिवे बघते, प्रत्येक डिस्कची तपासणी लावते, चार-पाच जुनी लग्नं उघडून पाहते. माझं काम यादीप्रमाणे चालतं. ह्यांची तपासणी एकाच फाइलची असते, आमच्या लग्नाच्या. खुर्ची ओढून बसतात, मंगलाष्टकांपर्यंत पुढे नेतात आणि मला हाक मारून सांगतात, "मामी झोपलीय गं. पेटी ठीक आहे."