तीन बोटं खाली

मंगळवारी सकाळी पावणेअकराला फोन आला, तेव्हा सोनपेठच्या आमच्या मोजणी कचेरीत आम्ही तिघं कर्मचारी होतो. माझ्या मित्राचा, दिगंबरचा मुलगा बोलत होता. "काका, पप्पा गेले..." पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग करता करता दिगंबर आपल्या दुरुस्तीच्या दुकानातच खाली बसला, तो उठलाच नाही. वय बावन्न. माझ्याहून सात महिन्यांनी लहान. याला आता पाच आठवडे झाले.

माझी पत्नी गेली त्यानंतरचे चौदा महिने मी कचेरी सोडून कुठंच गेलो नाही. मुलगी सासरी. रविवारी दार लावून बसायचो. दुपारी जेवलो की नाही हेही आठवायचं नाही. असल्याच एका रविवारी दिगंबर दारात उभा राहिला. हातात पीव्हीसी पाईप तापवून, चपटा करून केलेलं धनुष्य. बाणाच्या टोकाला घासलेली सळई, मागे वीस फूट नायलॉनची दोरी. बाणानं मासे मारतात हे त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं.

"चला मोजणीसाहेब, नदीवर."

"मला येत नाही."

"मला तरी कुठं येतंय? दोघंबी अडाणी, म्हंजे भांडण न्हाई."

जमिनी मोजणारा माणूस मी. अंदाजानं काही करणं मला जमत नाही. पाण्यात मासा असतो त्याहून वर दिसतो, हे शाळेत शिकलो होतो. मी काठावर उभा राहिलो, काठीनं खोली मोजली, वहीत आकृती काढली आणि सांगितलं, "दिसतो त्याच्या तीन बोटं खाली मार." दिगंबर पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता. एक मरळ श्वास घ्यायला वर आली आणि पुन्हा खाली जाऊन थांबली. त्यानं बाण सोडला, तो तिच्या पाठीवरून गेला. दुसरा तसाच. अकरावा बाणही तसाच गेल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, तुमचं गणित उभं हाय, मी बसलोय!" खरंच होतं. बसलेल्या माणसाची नजर तिरकी जाते, त्याला आणखी खाली मारायला हवं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो हसत हसत चिखलात बसला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मीही हसलो.

त्यानंतर आम्ही नऊ रविवार गेलो. काठावरून मी मासा दाखवायचो, खालून तो मारायचा. त्याला तीन मिळाले. धनुष्य माझ्या हातात दिलं की मात्र बाण नुसता भिजून यायचा. "तुमी लय इचार करायलाय," तो म्हणायचा. "तवर मासा जेवून झोपतो."

तो गेल्यावर चार रविवार मी पुन्हा दार लावून बसलो. पूर्वीसारखंच होऊ लागलं होतं, हे मला कळत होतं. पाचव्या रविवारी दिगंबरच्या बायकोकडून, वहिनींकडून, धनुष्य मागून घेतलं आणि एकटाच नदीवर गेलो. मासा दाखवायला कुणी नव्हतं. दोन तास गेले. सातव्या बाणाला दोरी ताणली गेली, हाताला हिसका बसला. "दिगंबर, बघ!" मी मोठ्यानं ओरडलो. काठावर दोन बगळे होते, ते उडाले... मग गुडघाभर पाण्यातून दोरी ओढत मी मासा काठावर आणला.

घरी नेऊन करायचा कुणासाठी? मासा घेऊन मी थेट दिगंबरच्या घरी गेलो. वाटेत किराणा दुकानात वजन केलं: एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम.

"एकटेच पाण्यात उतरला व्हता?" वहिनी ओरडल्या. "पाय घसरला असता म्हंजे? येत्या ऐतवारी पोराला संगं न्या."

मी हो म्हटलं.

त्यांनी मासा दोन्ही हातांत तोलला. "दोन किलोचा तरी असंल," त्या म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं, आणि मासा त्यांना देऊन ओट्यावर बसलो.