कागदावर नसलेला त्रास

जगाच्या दुखण्याची इतकी बारकाईनं चौकशी करणारा आणि स्वतःच्या दुखण्याला दारातही उभं न करणारा माणूस आमच्या साडूंशिवाय अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. कळंब्यातल्या घरी, माडीवर कॉम्प्युटरपुढे बसून, ते अमेरिकेतल्या आजाऱ्यांना नंबर लावतात. तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचायचे आणि रोगाला ठरलेला कोड टाकायचा, म्हणजे विमा कंपनीला बिल कशाचं ते कळतं. बदक चावल्याचासुद्धा वेगळा कोड असतो, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळालं. गडमुडशिंगीच्या एका पाहुण्यानं लग्नात गुडघा दुखतो म्हटलं, तर यांनी इतक्या आपुलकीनं विचारलं, "उजवा का डावा? डाव्याचा नंबर वेगळा हाय." तो बिचारा जेवण सोडून नंबर लिहून घ्यायला पेन शोधायला लागला.

त्यांच्या कामाचा एक नियम आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नाही ते आपण धरायचं नाही. पेशंट कण्हत का असेना, कागद गप्प तर कोडवाला गप्प. ऑफिसात हा नियम रास्तच आहे, पण साडूंनी तो घरात आणला आणि सगळा घोटाळा झाला.

साठी जवळ आली तशी त्यांची एक सवय आमच्या लक्षात आली. कुठंही गेले की आधी संडास-बाथरूम कुठं आहे ते बघायचे, नाटकाला कडेची खुर्ची धरायचे, गाडी चार ठिकाणी थांबवायला लावायचे. पोटाच्या सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली निघाली होती. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी धार बारीक होते का, थांबून थांबून होते का, रात्री किती वेळा उठता, सगळं विचारलं. साडूंचं प्रत्येकाला एकच उत्तर, "काय न्हाय." परत आले ते कागद नाचवतच.

"बघा पावणं, साहेबांनी लिवलंय, त्रास नाही. म्हणजे एन चाळीस शून्य. त्रास असता तर एन चाळीस एक झालं असतं. विषय संपला की."

"रात्रीत चारदा उठतासा ते काय चांदणं बघायला?" अक्का म्हणाल्या.

"ते कागदावर न्हाय," साडू शांतपणे म्हणाले. या माणसापुढे कपाळ बडवून घेण्यात अर्थ नव्हता, तरी मी घेतलं.

पुढे आम्ही सगळे सकाळी जोतिबाला गेलो. साडूंना सर्दी झालेली, म्हणून दुकानातली सर्दीची गोळी त्यांनी आदल्या दिवसापासून सुरू केली होती. दर्शन झालं आणि ते बाथरूमला गेले, परत आले, परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. लघवी पूर्ण अडली होती. पोटाला हात लावू देईनात. डोंगर उतरून दवाखाना गाठेपर्यंत साडू पुढची सीट दोन्ही हातांनी आवळून वाकून बसले होते, आणि खरं सांगतो, मी घाबरलो.

नळी घातल्यावर जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या तोंडाशी ही प्रोस्टेटची ग्रंथी असते, वयानं फुगते आणि वाट दाबते. तुमच्या गोळीनं उरलीसुरली वाटही आवळली. मग त्यांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही?  डॉक्टर गेल्यावर साडूंनी माझा हात धरला.

"थोरल्या भावाला ह्याच जागी कॅन्सर झालता. त्याचा कोड रोज कुणाच्या ना कुणाच्या कागदावर टाकतो मी. म्हटलं, आपण तोंड उघडलं की साहेब तपासत बसणार, आणि एकदा लिवलं की खोडता येत न्हाय. भ्यालतो, पावणं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांच्याविषयी निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या नंबरांची थट्टा केली, पण भीती वाटते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढे नळी निघाली, तपासण्या झाल्या. रिपोर्टचं पाकीट हातात आलं तेव्हा दिवसाला शंभर रिपोर्ट वाचणाऱ्या या माणसानं ते अक्कांकडे दिलं. अक्कांनी उघडलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. कॅन्सर नव्हता. नुसती वाढ, तिला रोज एक गोळी पुरणार होती. अक्का आधी रडल्या, मग त्यांनी नवऱ्याला दवाखान्यातच जे झापलं, ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. साडू मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

आता कुणी सहज "कसं काय?" विचारलं तरी ते पाऊण तास सांगतात. धार कशी, झोप कशी, कालच्यापेक्षा आज काय फरक, सगळं. माणसं हळूच काढता पाय घेतात. मी चहा थंड होईपर्यंत बसून राहतो.